खर्जाची तजवीज

दक्षिण देशी मराठ्यांचा अंमल ज्या नगरीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनाने संपुष्टात आला, त्या तंजावूरचे नाव निघाले की मराठी वाचकाला सरस्वती महालातील हस्तलिखिते, मोडी दफ्तरांचे रुमाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी कोरविलेला भोसले वंशाचा दीर्घ शिलालेख यांचेच प्रथम स्मरण होते. परंतु ह्याच नगरीने नादाच्या एका अत्यंत व्यावहारिक प्रश्नाचा जो उलगडा केला, त्याची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. गायन, वादन आणि निरूपण एकाच वेळी चालू असताना सर्वांत खालचा नाद, ज्याला आपण खर्ज म्हणतो, तो भरदार कसा करावा, आणि भरदार करताना वरच्या नादांची स्पष्टता कशी राखावी, हा तो प्रश्न होय. आज घरच्या संगणकावर हिप-हॉपच्या बीट रचणारी तरुण मंडळी, मग ती पुण्याची असोत, अंधेरीची असोत वा कोइमतूरची, नेमकी ह्याच प्रश्नाशी झुंजत असतात. ‘बेस वाढवला आणि मिक्स गढूळ झाला’ ही त्यांची नित्याची तक्रार आहे, आणि त्या तक्रारीचे उत्तर तंजावूरच्या मृदंगाच्या डाव्या तोंडावर शेकडो मैफिलींतून दिले गेले आहे, असे माझे मत आहे.

मृदंगाचे उजवे तोंड लहान आणि डावे मोठे. उजव्याला तमिळ भाषेत वलंतलै म्हणतात व डाव्याला तोप्पी. फणसाच्या लाकडाच्या खोडावर दोन्ही बाजूंस कातडी चढवून चामड्याच्या वादीने ती आवळलेली असतात. उजव्या तोंडाच्या मध्यभागी भात आणि एका विशिष्ट दगडाची वस्त्रगाळ पूड एकत्र घोटून, थरावर थर देऊन, काळी शाई कायमची बसविलेली असते. तोप्पी मात्र रिकामी असते. मैफिलीला बसण्यापूर्वी वादक एका वाटीत बारीक रवा पाण्याने भिजवितो, बोटांनी मळून त्याचा मऊ गोळा करतो, आणि तो गोळा तोप्पीच्या मध्यावर ठेवून अंगठ्याने कडेकडेने पातळ करीत चकतीसारखा पसरवितो. मग एक थाप. नाद अजून उथळ वाटला तर चिमूटभर रवा आणखी. नाद जड होऊन बसला, त्यातील गुंजन मेले, तर बोटाने तेवढाच खरवडून काढावयाचा. पुन्हा थाप, पुन्हा कान. मैफल रंगात आली की दिव्यांच्या उष्णतेने रवा सुकू लागतो व खर्ज हळूहळू वर चढतो, म्हणून दोन कृतींच्या, म्हणजे गेय रचनांच्या, मधल्या अवकाशात वादक ओले बोट त्यावरून फिरवितो. आणि मैफल संपल्यावर तो सगळा रवा खरवडून, पुसून, तोप्पी पुन्हा कोरडी करून ठेवतो. आपल्या पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक थापतात तीही ह्याच हेतूने, हे वारकरी दिंडीत वावरलेल्या कोणासही सांगावयास नको.

ह्या साध्या कृतीत जे शास्त्र आहे ते असे. ताणलेल्या कातड्याचा स्वर त्याच्या ताणाने चढतो आणि भाराने उतरतो. सर्वत्र सारखा भार चौपट केला तर कंपनसंख्या निम्मी होते, म्हणजे स्वर एक सप्तक खाली जातो. ताण सैल करूनही स्वर खाली नेता येतो, परंतु सैल कातडे लोळते, त्याचा नाद फुटका येतो. म्हणून तंजावूरच्या कारागिराने ताण राखला आणि भार वाढविला. शिवाय तो भार कडेला न देता मध्यावर दिला, ह्यात आणखी एक मर्म आहे. उघड्या वर्तुळाकार कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड पटींत येतात आणि म्हणूनच साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. उजव्या तोंडावरच्या शाईने हेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुस्वर पटींच्या जवळ आणले जातात. ही गोष्ट शास्त्रीय जगाला प्रथम सांगितली ती सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, एका सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली सविस्तर निबंधात. रामन यांचा जन्म तंजावूरपासून साठेक किलोमीटरवरील तिरुच्चिरापल्लीचा, १८८८ मधला. मृदंगाचा नाद त्यांनी प्रयोगशाळेच्या फार आधी कानांनी ऐकला असला पाहिजे.

हिप-हॉपशी ह्या सर्वाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही, कारण तंजावूरच्या मृदंगाला बोलत्या शब्दांच्या पाठीशी उभे राहण्याचे शिक्षण मिळाले ते मराठी कीर्तनात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावुरास येऊन कीर्तने करीत, आणि त्यांच्या पद्धतीने प्रभावित झालेल्या तंजावूर कृष्ण भागवतरांनी ओवी, अभंग, साकी, दिंडी हा सगळा मराठी सरंजाम तमिळ हरिकथेत आणला, तो आजतागायत तेथे नांदतो आहे. भागवतरांच्या साथीला मृदंगावर असत ते नारायणस्वामी अप्पा, हे मराठी घराण्यातील थोर मृदंगवादक. कीर्तनकार कधी गातो, कधी लयीत बोलतो, कधी नुसते बोलतो, आणि ह्या तिन्ही अवस्थांत खालून ठेका चालू असतो. शब्द दबला तर कथा गेली, आणि ठेका पातळ झाला तर कथेचा आवेश गेला. रॅप करणाऱ्यापुढे जे संकट आहे ते ह्याहून वेगळे नाही. त्याचाही सारा जीव व्यंजनांच्या आघातात असतो, आणि त्याच्याही पाठीशी एक अत्यंत खोल नाद अखंड चालू असावा अशी श्रोत्यांची अपेक्षा असते.

तो खोल नाद हिप-हॉपला कोठून मिळाला, हे थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क ह्या जमैकन कुळातील तरुणाने जो समारंभ केला तेथून ह्या कलेचा आरंभ धरतात, आणि जमैकातील अजस्र ध्वनिवर्धकांची आवड त्याने सोबत आणली होती. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ नावाचे तालयंत्र काढले. खऱ्या ढोलाचे ध्वनिमुद्रण त्यात नव्हते, विद्युत्-मंडलाच्या कंपनातून सगळे ठोके घडविलेले होते. व्यापारी दृष्ट्या ते फारसे चालले नाही, सुमारे बारा हजार नग होऊन १९८३ साली बंद पडले, आणि म्हणूनच जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. आफ्रिका बंबाटाने १९८२ साली ‘प्लॅनेट रॉक’मध्ये ते वापरले. त्यातील किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, पन्नास हर्ट्झच्या आसपास गुंजतो आणि हवा तितका लांबविता येतो. पुढच्या पिढीने तो इतका लांबविला की ठोका हा स्वरच झाला, आणि ‘एट-ओ-एट’ ह्या नावाने आज जो ओळखला जातो तो बेस जन्मास आला. ह्या बेसला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेण्याची रीत बीट रचणाऱ्यांत फार प्रिय आहे. मृदंगवादक हेच काम तोप्पीवर मनगटाकडचा तळहात दाबून, सरकवून करतो आणि त्याला गुमकी म्हणतो; आपल्या डग्ग्यावरचा घिस्साही त्याच कुळातला.

आता मिक्स बिघडतो कसा ते पाहू, कारण येथेच बहुतेकांचा घात होतो. मनुष्याचा कान सर्व नादांना समान न्याय देत नाही. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिल्याप्रमाणे आवाज हळू असताना खालचे नाद कानाला फारच क्षीण भासतात. आजच्या प्रमाणित मोजमापानुसार एक हजार हर्ट्झचा चाळीस डेसिबलचा नाद जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी पन्नास हर्ट्झच्या नादाला सुमारे ७८ डेसिबल लागतात. घरचे निजले आहेत म्हणून रात्री आवाज बारीक ठेवून काम करणारा तरुण साहजिकच बेसची कळ वर वर नेत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच बीट मोटारीत मोठ्याने लावली की शब्द कोठच्या कोठे बुडून जातात.

दुसरी फसवणूक खोलीची. पन्नास हर्ट्झच्या नादाची लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत अशी लाट नेमकी अर्धी मावते, समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःशीच जुळते आणि स्थिर होऊन बसते. परिणामी भिंतीशी व कोपऱ्यात बेस फुगलेला ऐकू येतो, तर खोलीच्या ऐन मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. साडेतीन मीटर ही आपल्याकडच्या सामान्य शयनगृहाची लांबी, आणि पन्नास हर्ट्झ हे एट-ओ-एटचे माहेर. म्हणजे मेज खोलीच्या मध्यावर मांडून बसलेल्या माणसाला जो नाद सर्वांत अधिक जोखावयाचा आहे तोच नेमका ऐकू येत नाही. तंजावूरकडच्या जुन्या घरांना मधोमध उघडे अंगण असे, त्याला तेथे मुट्रम म्हणतात, आणि उघड्या आभाळाखाली लाटा अशा अडकून पडत नाहीत. सिमेंटच्या बंद खोलीने ही सोय हिरावून घेतली. उपाय खर्चाचा नाही. मेज भिंतीच्या मध्यापाशी, लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास कान येतील असे सरकवावे, कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या कराव्या, आणि निर्णय घेण्यापूर्वी उठून खोलीभर हिंडून ऐकावे. चांगल्या हेडफोनवर खोलीचा दोष नसतो, म्हणून त्यावरही एकदा ताडून पाहावे.

तिसरे कारण कानाच्या रचनेतच आहे. आतल्या कानातील शंखाकृती नलिकेत प्रत्येक ध्वनिलहर प्रथम वरच्या नादांच्या जागेवरून जाते आणि खालच्या नादाची जागा शेवटी, टोकाशी असते. ह्या लहरीचा मार्ग गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्यामुळे मोठा खालचा नाद वाटेवरच्या वरच्या नादांना झाकतो, परंतु वरचा नाद खालच्याला तितका झाकू शकत नाही. बेस अनावर झाला की प्रथम बळी जातो तो गायकाच्या आवाजाचा, आणि ह्यास्तव बेसची मर्यादा बेसकडे पाहून ठरवीत नाहीत, शब्दाकडे पाहून ठरवितात.

आणि चौथे, जागेचे. संगणकातील ध्वनीला एक छत असते. त्याच्या वर आकडाच नसल्यामुळे लाटेचा माथा छाटला जातो आणि नाद करकरू लागतो. ह्या छताखालचा अवकाश म्हणजे सरकारी खजिना समजावा: शिल्लक ठरलेली आहे, आणि एका खात्याने अधिक उचल केली तर दुसऱ्या खात्याला तितकी कात्री लागणार. सर्व नादांत खर्ज हाच सर्वांत मोठा उचल करणारा आहे; तो सहा डेसिबलने वाढविणे म्हणजे त्याच्यासाठी चौपट शक्ती मंजूर करणे होय. तेव्हा बेस ‘वाढवावा’ हा विचारच मुळात अर्धवट आहे. आधी इतरांची अनावश्यक उचल बंद करावी, मग शिल्लक किती पडते ते पाहावे.

म्हणून पहिले काम काढण्याचे. गायकाच्या ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर, ध्वनिक्षेपकावर आपटलेला श्वास, रस्त्यावरच्या मोटारींची गुरगुर असा पुष्कळ खालचा कचरा असतो आणि त्याचा गाण्याशी काडीचा संबंध नसतो. ऐंशी ते शंभर हर्ट्झच्या खालचे सारे हाय-पास फिल्टरने कापून टाकावे. हार्मोनियम, तंबोरा, व्हायोलिन, सिंथ ह्यांचेही तेच, मात्र प्रत्येकाला किती कापावे ते कानाने ठरवावे, नाहीतर तंबोऱ्याचा खर्जच नाहीसा व्हावयाचा. एवढे केल्यावर बेसला न स्पर्शताही तो मोठा झाल्यासारखा वाटतो. बेसच्याही बाबतीत तीस हर्ट्झच्या खालचा भाग कापावा, कारण तो बहुतेक ध्वनिवर्धकांतून येत नाही, श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही आणि तरीही छताखालची जागा खातो. गढूळपणाचे खरे मूळ मात्र बहुधा ह्याहून वर, दोनशे ते चारशे हर्ट्झच्या टापूत सापडते. किकचे पोट, बेसचा वरचा भाग, पुरुषी आवाजाची छाती आणि पियानोचा डावा हात हे सगळे तेथे दाटी करून बसतात. तेथे दोन-तीन डेसिबल कमी केल्याने जे साधते ते पन्नासवर सहा डेसिबल वाढवून साधत नाही.

दुसरे काम स्वर मिळविण्याचे, आणि मृदंगवादकाला हे सांगावेच लागत नाही, कारण त्याची उजवी पुडी गायकाच्या षड्जाला मिळालेली नसेल तर तो हात उचलणार नाही. एट-ओ-एट हा आघात असला तरी स्वर आहे, हे विसरून पुष्कळ जण तो आहे तसा ठेवून देतात. गाणे एका पट्टीत आणि बेस तिसऱ्याच स्वरावर, मग कळ कितीही वर न्या, ते दोन्ही एकजीव होत नाहीत. पट्टी निवडतानाही विचार करावा. पांढरी एक, जिला तमिळ गायक ‘ओन्नु कट्टै’ म्हणतात, तिचा षड्ज खाली खाली नेला तर ६५ हर्ट्झला येतो आणि त्याखालचा ३३ ला; पहिला बहुतेक मोठ्या ध्वनिवर्धकांना पेलतो, दुसरा फार थोड्यांना. पांढरी पाचचा षड्ज ४९ हर्ट्झला येतो, आणि तो ह्या कामास उत्तम. ज्या गाण्याचा मूळ स्वर ४५ ते ६५ च्या दरम्यान बसतो त्याचा बेस कोणतीही कळ न फिरवता निम्मे युद्ध जिंकून येतो. बेसची चाल स्वरांवरून फिरत असेल तर एका अरुंद ठिकाणी इक्वलायझरने उंचवटा देऊ नये. एकच स्वर गरजेल आणि बाकीचे मागे पडतील.

तिसरे काम वेळेचे. मृदंगावर तोप्पीचा उघडा नाद हवा तेवढाच ठेवला जातो, आणि पुढचा बोल येण्याआधी तळहाताने तो मिटविला जातो. उघडा आणि मिटलेला, ह्या दोहोंच्या क्रमातच त्या वाद्याचे चालणे आहे. एट-ओ-एटची लांबी ठरविताना हीच दक्षता घ्यावी. दोन बेस-स्वर एकमेकांच्या अंगावर चढले, किंवा बेसची शेपटी पुढच्या किकपर्यंत लांबली, की दोघांची लाट एकमेकींत मिसळून कधी फुगते, कधी कापली जाते. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच क्षणी आले तर दोन्ही मोठे नाद मिळून लहान होतात. म्हणून बेसच्या लाटेची दिशा उलटविणारी कळ एकदा दाबून पाहावी आणि ज्या बाजूने खर्ज भरदार लागेल ती बाजू ठेवावी. किकने आघात द्यावा, बेसने धरून ठेवावे, अशी वाटणी केली की झगडा मिटतो. तरीही दोघे एकाच क्षणी येत असतील तर साइडचेन कंप्रेशनने किकच्या क्षणी बेस काही मिलिसेकंद खाली दबेल अशी तजवीज करावी. ऐकणाऱ्याला ते जाणवू नये, केवळ किक स्पष्ट व्हावा. बेस नेहमी मध्यावर, मोनोमध्ये ठेवावा. डाव्या-उजव्या बाजूंत विभागलेला खर्ज मोठ्या ध्वनिवर्धकांतून एकत्र वाजताना स्वतःलाच खोडतो.

चौथी गोष्ट सर्वांत रम्य. आपण जो खर्ज ऐकतो तो कानावर प्रत्यक्ष पडलाच पाहिजे असे नाही. शंभर, दीडशे, दोनशे हर्ट्झचे नाद एकत्र ऐकले की त्यांच्या अंतरावरून मन पन्नासचा मूळ स्वर आपोआप पुरवून घेते. तंजावूर जिल्ह्यातील देवळांच्या उत्सवांत झाडांवर, खांबांवर लोखंडी कर्णे बांधलेले असतात. त्या कर्ण्यांतून खालचे नाद बाहेर पडूच शकत नाहीत, आणि तरी गल्लीच्या टोकाला उभा असलेला माणूस तविल नावाच्या ढोलाचा जाड ठेका ओळखतो. खिशातल्या मोबाइलच्या ध्वनिवर्धकाची अवस्थाही तीच. म्हणून शुद्ध, गुळगुळीत एट-ओ-एट केवळ मोठ्या ध्वनिवर्धकांवर ऐकू येतो आणि मोबाइलवर बीट पोकळ भासते. त्यावर सॅच्युरेशनचा हलका हात फिरविला, म्हणजे लाटेचे माथे किंचित दाबून तिच्यात वरचे उपस्वर उमटविले, की तोच बेस सर्वत्र पोहोचतो, आणि पन्नास हर्ट्झवर कणभरही भर न घालता पोहोचतो. मुळातली लाट शुद्ध राखून तिची एक प्रत वेगळ्या मार्गावर घ्यावी, त्या प्रतीतून शंभर-दीडशेच्या खालचे कापावे, तिच्यावर सॅच्युरेशन चढवावे आणि मग ती हळूच मिसळावी, ही ह्या कामाची सर्वांत निर्धोक रीत.

ध्वनिक्षेपकाने खर्जाचे काय होते ह्याविषयी तंजावूर परंपरेतील एका श्रेष्ठ वादकाचे वर्तन फार बोलके आहे. तंजावूर वैद्यनाथ अय्यर यांचे शिष्य पालघाट मणी अय्यर (१९१२–१९८१) यांनी कीर्तीच्या शिखरावर असताना काही काळ ध्वनिक्षेपक असलेल्या मैफिलीत वाजविण्यास नकार दिला होता. लोकांनी त्याला हट्ट म्हटले. परंतु एकदिशा ध्वनिक्षेपक उगमाच्या अगदी जवळ नेला की खालचे नाद अवाजवी फुगवितो हे ध्वनिशास्त्राचे साधे सत्य आहे, आणि हाताच्या अंतरावर, सभागृहातील हवेतून, रव्याच्या चिमटीने साधलेला तोल तारेतून जाताना तसाच राहील ह्याची खात्री कोण देणार? घरी गायकाचा आवाज मुद्रित करणाऱ्याने ह्यातून एवढे घ्यावे की तोंड ध्वनिक्षेपकापासून वीतभर दूर ठेवले तर आवाजातला अर्धा गढूळपणा मुद्रणाआधीच टळतो.

मणी अय्यरांच्या त्या तोलामागे आणखी एक हात होता, त्याचा उल्लेख न करणे अन्याय होईल. त्यांचे मृदंग बांधणारे पर्लांदु हे तंजावूरच्या सेबास्टियन घराण्यातले. ह्या दलित ख्रिस्ती कारागीर कुटुंबांनी कातडे निवडणे, कमावणे, कापणे, शाई घोटणे ह्यांत पिढ्या घालविल्या, वादकाच्या मनातला नाद शब्दांवरून ओळखून लाकडात उतरविला, आणि सभागृहात मात्र त्यांची नावे कोणी उच्चारली नाहीत. गायक टी. एम. कृष्ण यांनी २०२० साली ‘सेबास्टियन अँड सन्स’ ह्या ग्रंथात त्यांची हकीकत मांडली, तेव्हा कोठे त्यांच्या कामाची नोंद व्हावी तशी झाली. खर्जाविषयी ज्याला काही शिकावयाचे आहे त्याने वादकाइतकाच ह्या बांधणाऱ्यांचा अभ्यास करावा, कारण कोणते कातडे किती जाड घेतले म्हणजे नाद घुमेल पण पसरणार नाही, ह्याचा निर्णय मैफिलीच्या कितीतरी आधी त्यांच्या घराच्या ओट्यावर होत असे.

शेवटच्या हाताविषयी थोडे. पूर्ण झालेली बीट आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या चांगल्या मिक्सशेजारी ठेवून ऐकावी, मात्र दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण अधिक मोठे ते अधिक चांगले असा कानाचा उपजत कल असतो. ती मोबाइलवर, मोटारीत, स्वस्त इअरफोनवर आणि शक्य असेल तर लग्नमंडपातल्या मोठ्या ध्वनिवर्धकांवर ऐकावी. आणि अगदी बारीक आवाजात, शेजारच्या खोलीतूनही ऐकावी, कारण तेथून शब्द कळत असतील आणि ठेका जाणवत असेल तर तोल बहुधा साधलेला असतो. छताला टेकेल इतका आवाज चढविण्याची घाई करू नये. स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गाणी साधारण एकाच मोठेपणाला, एलयूएफएस ह्या मोठेपणाच्या एककात उणे चौदाच्या जवळपास, आणून ठेवतात, आणि बेससाठी ज्याने सारे गाणे दाबून-चेपून मोठे केले त्याचे गाणे तेथे बेससकट खाली उतरविले जाते. दाबताना गेलेला किकचा आघात मात्र परत मिळत नाही. माथ्यावर एक डेसिबल जागा मोकळी सोडावी, आणि मिक्समध्ये बेसची कळ आपल्याला वाटते त्याहून एक-दोन डेसिबल खाली ठेवून एक रात्र जाऊ द्यावी.